गळ्यातल्या नाळेवर सगळं ढकलू नका : सार्वजनिक आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातल्या सरकारी, महापालिकेच्या व खासगी प्रसूतिगृहांचे प्रमुख

विषय : बाळंतपणात नाळेमुळे बाळाला होणारी इजा, तिची नोंद आणि इजा होऊन वाचलेल्या बाळांची मोजदाद

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं सेरेब्रल पाल्सीची असतात, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे वा बिघाडामुळे हालचालींवर ताबा नसलेली. कुणाची मान धरलेली नसते, कुणाचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, कुणाला घास गिळता येत नाही. नवीन मूल आलं की मी आधी बाळंतपणाची हकिगत विचारते. उत्तर बहुधा ठरलेलं असतं : "नाळ गळ्याला होती मॅडम, म्हणून बाळ रडलं नाही." आई हेच सांगते, आजी हेच सांगते, त्या दिवशी गावातही नसलेला चुलता हेच सांगतो. सांगितलं कुणी, म्हणून विचारावं तर "दवाखान्यात सांगितलं."

मग मी डिस्चार्ज कार्ड मागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत, लसीकरणाच्या पुस्तिकेत दुमडून ठेवलेलं असतं. त्यावर एक ओळ : "एफटीएनडी, मेल, २.९ केजी, डीएनसीआयएबी, लूज लूप ऑफ कॉर्ड अराउंड नेक." म्हणजे दिवस भरलेलं, नैसर्गिक प्रसूती, मुलगा, जन्मल्याबरोबर रडला नाही, गळ्याभोवती नाळेचा सैल वेढा. खाली शिक्का आणि न वाचता येणारी सही. बाळ किती मिनिटांनी रडलं? श्वास द्यायची अंबू बॅग लावली का? अपगार, म्हणजे जन्मल्यावर बाळाच्या तब्येतीला दिलेले दहापैकी गुण, किती? शेवटच्या तासात बाळाच्या हृदयाचे ठोके किती होते? काही नाही. त्या मुलाच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा खुलासा त्या एका ओळीवर बेतलेला, आणि ती ओळ स्वतःच सांगते की वेढा सैल होता.

हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

गळ्याभोवती नाळ असणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. दिवस भरून जन्मणाऱ्या बाळांपैकी साधारण चार-पाचांत एकाच्या गळ्याला नाळेचा एखादा तरी वेढा असतो. नाळ सरासरी ५० ते ६० सेंटीमीटर लांब असते, बाळ पोटात कोलांट्या मारतं, वेढे पडतात, सुटतातही. शिवाय पोटातलं बाळ गळ्याने श्वास घेत नसतं. त्याला प्राणवायू मिळतो तो नाळेतून. त्यामुळे "गळा आवळला" हे चित्रच चुकीचं आहे. नाळेत दोन रोहिणी आणि एक नीला असते, भोवती मऊ, बुळबुळीत जेलीचं वेष्टण असतं. हे वेष्टण रक्तवाहिन्यांना दाबापासून बरंच वाचवतं. म्हणूनच सोनोग्राफीत वेढा दिसला म्हणून केवळ त्यासाठी सिझेरियन करावं असं कुठलंही जबाबदार मार्गदर्शक तत्त्व सांगत नाही.

आपल्याकडे मात्र नववा महिना लागला की रिपोर्टवर ती ओळ उमटते आणि घरात सुतकी कळा येते. "नाळ गुंडाळलीय, रिस्क नको" असं म्हटल्यावर कोण नवरा सही करायला नकार देईल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातलं सिझेरियनचं प्रमाण २०.१ टक्के होतं, पाचव्या फेरीत ते २५.४ टक्के झालं. यातली किती नाळेच्या नावावर झाली हे कुणी मोजलेलं नाही, म्हणून आकडा सांगत नाही. पण माझ्या ओळखीच्या आयांशी बोलले तर हे कारण वारंवार कानावर येतं.

म्हणजे ही नाळ दोनदा कामाला येते. बाळंतपणाआधी घाबरवायला आणि बाळंतपणानंतर कारण म्हणून दाखवायला. दोन्ही वेळा तिच्यावर ढकललं की पुढचे प्रश्न थांबतात.

आणि प्रश्न थांबले की दोष घरी येतो. तो कुणाच्या पदरात पडतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. "कूस बदलताना उठून बसायचं असतं, सांगितलं होतं ना तुला." "दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर केलेस, म्हणून." मामाला मूल जड आहे म्हणणारेही भेटतात. समोर तीन वर्षांचं मूल आडवं, मी त्याचे हातपाय हलवतेय, आणि आई डोळे पुसत मला विचारतेय की मी पाळण्याची दोरी ओलांडली होती, त्यामुळे तर झालं नसेल? अशा वेळी मला कार्ड लिहिणाऱ्याचा राग येतो. कूस बदलण्याचा, हात वर करण्याचा, दोरी ओलांडण्याचा वेढ्याशी काडीचा संबंध नाही, हे एक वाक्य वॉर्डातून घरी जाताना कुणी तरी तिला सांगायला हवं होतं.

आता ज्या नाळेला खरंच घाबरायला हवं तिच्याकडे येते.

पहिली, नाळ बाळाच्या आधी बाहेर येणं. पाण्याची पिशवी फुटते आणि डोकं अजून वर असेल, तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरते. मग प्रत्येक कळेला बाळाचं डोकं आणि आईचं हाड यांच्यात ती चेपली जाते. हे हजारात एक ते सहा बाळंतपणांत होतं. बाळ आडवं असेल, पायाळू असेल, जुळ्यातलं दुसरं असेल, पाणी जास्त असेल, दिवस कमी असतील, तेव्हा धोका वाढतो. पायाळू माणसाने पाय लावला की उसण जाते म्हणून आपण त्याला शोधत फिरतो. त्याच्या जन्माच्या वेळी पायांच्या फटीतून नाळ निसटायची शक्यता किती होती, याची चर्चा मात्र कुणी करत नाही.

नाळ खाली येण्याच्या घटनांपैकी जवळपास निम्म्या घटनांच्या आधी रुग्णालयातलीच काही कृती झालेली असते, हे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेत नोंदवलं आहे. त्यातली एक ओळखीची कृती म्हणजे डोकं वर असताना पिशवी फोडणं. "लवकर मोकळी होईल" म्हणून पिशवी फोडायची आणि वर कळांचं सलाईन वाढवायचं, हा प्रकार आपल्याकडे कुठे कुठे चालतो हे तुमच्या विभागाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पिशवी फोडण्याआधी डोकं बसलंय का हे बघणं आणि फोडल्यावर लगेच ठोके ऐकणं, याला पैसा लागत नाही.

एकदा नाळ खाली आली की मिनिटांचा हिशेब सुरू होतो. काय करायचं ते पाठ्यपुस्तकात आहे आणि त्यासाठी लागणारं सामान ग्रामीण रुग्णालयाच्या कुठल्याही लेबर रूममध्ये असतं. हाक मारून माणसं गोळा करायची. सलाईनमधून कळांचं औषध चालू असेल तर बंद करायचं. हातमोजा घालून दोन बोटांनी डोकं वर उचलून धरायचं आणि तो हात काढायचा नाही. बाहेर आलेली नाळ उगाच हाताळायची नाही. गार हवेने आणि स्पर्शाने तिच्या वाहिन्या आकसतात. बाईला गुडघे-छाती टेकवून, कंबर उंच करून ठेवायचं. उशीर होणार असेल तर लघवीची नळी घालून, तिला आयव्ही सेट जोडून मूत्राशयात ५०० ते ७५० मिलिलिटर सलाईन सोडायचं आणि नळीला चिमटा लावायचा. भरलेलं मूत्राशय आतून डोकं वर उचलून धरतं. सिझेरियन सुरू करायच्या आधी ते रिकामं करायचं, एवढं लक्षात ठेवायचं. अॅम्ब्युलन्सने पाठवायची वेळ आली तर डाव्या कुशीवर, कमरेखाली उशा, डोकं खाली.

मी ज्या आयांशी बोलले त्यांच्यातल्या एकीची नाळ बाहेर आली होती आणि तिला तालुक्यातून जिल्ह्याला पाठवलं. १०८ वेळेवर आली, हे आवर्जून सांगते. पण तिला स्ट्रेचरवर उताणं निजवून आणलं. सोबत सिस्टर नव्हती, सासू होती. सासूच्या हातात रेफरची चिठ्ठी होती, त्यावर "कॉर्ड प्रोलॅप्स" लिहिलेलं होतं आणि बाळाचे ठोके चांगले असल्याची नोंदही होती. निघताना बाळ ठीक होतं. पोचताना नव्हतं. तो मुलगा आता माझ्याकडे येतो.

त्याच्याविषयी थोडं सांगते, कारण अशा घटनेचा "परिणाम" म्हणजे काय ते आकड्यांत दिसत नाही. प्राणवायू अचानक आणि जवळपास पूर्ण तुटला की मेंदूच्या आतल्या भागातल्या, हालचालींवर लगाम ठेवणाऱ्या पेशी आधी जातात. प्राणवायू हळूहळू, अर्धवट कमी होत गेला तर इजा वेगळ्या ठिकाणी होते, आणि मूल बहुधा ताठर होतं. हा मुलगा पहिल्या प्रकारातला. सात वर्षांचा आहे. त्याला सगळं कळतं. मी मुद्दाम त्याच्या बहिणीचं नाव चुकवलं की खदखदून हसतो. समोर चेंडू धरला की त्याला तो हवा असतो, डोळे चेंडूवर खिळतात, आणि हात उलट्या दिशेला पाठीमागे वळत जातो, मान फिरते, तोंड उघडतं, सगळं अंग पिळवटतं. जितका जास्त प्रयत्न करील तितकं अंग जास्त पिळवटतं. तीन-चार वेळा असं झालं की तो डोळे मिटून घेतो आणि अंग सैल सोडतो. झोपेत मात्र त्याचे हात अगदी साधे, सरळ पडलेले असतात, असं त्याची आई सांगते. अक्षरं त्याला येतात. डोळ्यांनी तक्त्यावर दाखवतो. शाळेने घेतलं नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय.

नाळ खाली येणं ही अशी आणीबाणी आहे की सगळं नीट असतानाही काही बाळं जातात. ब्रिटनच्या त्याच मार्गदर्शिकेत हजारी ९१ मृत्यूंचा उल्लेख आहे. पण सरावाने फरक पडतो याचा पुरावाही आहे. ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयाने सगळ्या कर्मचाऱ्यांना, भूलतज्ज्ञापासून सिस्टरपर्यंत, एकत्र बसवून दरवर्षी सराव घ्यायला सुरुवात केली. निदान ते जन्म हा वेळ आधी साधारण २५ मिनिटं होता, तो साडेचौदा मिनिटांवर आला. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. त्यात नवं यंत्र कुठलंच नव्हतं. कुणी कुठे उभं राहायचं आणि कोण कुणाला फोन करायचा, हे आधी ठरलेलं होतं. आपल्याकडे आग विझवायचा सराव कागदावर तरी होतो. नाळेचा सराव तुमच्या किती लेबर रूममध्ये झाला?

दुसरी भीतीदायक गोष्ट दुर्मीळ आहे पण सांगायला हवी. कधी कधी नाळ वारेच्या मध्यावर न जुळता बाजूच्या पडद्यावर जुळते आणि तिच्या उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या तोंडावरून जातात. वेष्टण नाही, आधार नाही. पिशवी फुटली की त्याही फाटतात, आणि बाहेर येणारं रक्त आईचं नसतं, बाळाचं असतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम २५० मिलिलिटर. २००४ सालच्या एका मोठ्या अभ्यासात हा दोष आधी ओळखलेल्या बाळांपैकी ९७ टक्के वाचली, न ओळखलेल्यांपैकी ४४ टक्के. ओळखायचं कसं, तर पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत नाळ वारेला कुठे जुळलीय ते पाहून, आणि वार खाली असेल, टेस्ट ट्यूबची गर्भधारणा असेल तेव्हा रक्तप्रवाह दाखवणारा रंगीत डॉप्लर लावून. नवव्या महिन्यात गळ्यातल्या वेढ्याची बातमी देणाऱ्या रिपोर्टवर नाळेच्या जोडाची ओळ मला क्वचितच दिसते.

वेढ्याने कधीच काही होत नाही, असं मी म्हणत नाही. घट्ट वेढा असेल, एकापेक्षा जास्त असतील, पाणी कमी असेल, तर कळेबरोबर नाळ ताणली जाते. नीलेची भिंत पातळ, ती आधी दबते. रोहिणी चालू राहतात. म्हणजे बाळाकडून वारेकडे रक्त जात राहतं आणि परत येणारं अडकतं. असं बाळ पांढरं फटक जन्मतं. डोकं बाहेर आल्याबरोबर घाईने नाळ कापली तर त्याचं उरलंसुरलं रक्तही वारेत राहतं, आणि त्यानंतर खांदे अडकले तर बाळाकडे कुठलाच मार्ग उरत नाही. वेढा सैल असेल तर डोक्यावरून काढायचा. घट्ट असेल तर बाळाचं डोकं आईच्या मांडीजवळ ठेवून अंग गोलांटी घेतल्यासारखं बाहेर येऊ द्यायचं आणि मग सोडवायचा. कापणं हा शेवटचा उपाय. चांगल्या जुन्या सिस्टरना हे हातातून येतं, त्यांच्याकडून तरुण मुलींनी शिकावं अशी सोय मात्र बदल्यांच्या धबडग्यात राहत नाही.

पण घट्ट वेढाही सहसा गुपचूप घात करत नाही. ठोक्यांतून तो आधी कळवतो. कळेबरोबर ठोके खाली जातात, वर येतात, पुन्हा जातात. मग वर यायला वेळ लागतो. मग वर येतच नाहीत. नेहमीचे ठोके मिनिटाला ११० ते १६०. जागतिक आरोग्य संघटना सांगते की कळा नीट सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाई जोर करू लागली की दर ५ मिनिटांनी ऐका, कळ ओसरत असताना आणि नंतर, पूर्ण एक मिनिटभर. म्हणजे "नाळ गळ्याला होती" या वाक्यापुढचा खरा प्रश्न असा : ठोके शेवटचे कधी ऐकले, किती होते, आणि कमी झाल्यावर काय केलं?

एका आईने हट्टाने आपली फाईल मिळवली होती. ती मला दाखवली. पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या आलेखावर, दर अर्ध्या तासाला ठोके : १४०, १४२, १४०, १४०, १४२. एकाच पेनाने, एकाच दमात, एकाच तिरकसपणाने लिहिलेले. अक्षर सुंदर होतं. शेवटची नोंद १४० आणि त्यानंतर काही मिनिटांत जन्मलेलं बाळ निपचित, अपगार २. आलेख जन्मानंतर बसून भरला होता हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मी त्या सिस्टरला दोष देत नाही. रात्रपाळीला एक सिस्टर, तीन टेबलं, बाहेर व्हरांड्यात दोन बायका, वर रजिस्टर, ऑनलाइन नोंदी, औषधांचा हिशेब. दर पाच मिनिटांनी तिघींचे ठोके पूर्ण मिनिटभर ऐकणं एका माणसाला शक्यच नाही. शक्य नाही ते कागदावर दाखवायला लावलं की कागद खोटा होतो. २०१७च्या डिसेंबरात केंद्र सरकारचा लेबर रूम सुधारण्याचा "लक्ष्य" उपक्रम सुरू झाला, त्याने लेबर रूमच्या फरशा, पडदे, प्रोटोकॉलचे तक्ते बदलले, काही ठिकाणी खरंच चांगलं काम झालं. पण रात्री दोनला किती हात आहेत, हे तक्त्याने बदलत नाही.

बाळ निपचित आलं तरी सगळं संपलेलं नसतं. पहिल्या साठ सेकंदांत कोरडं करून, चोळून, श्वास न आल्यास अंबू बॅगने फुगवायला सुरुवात केली तर बहुतेक बाळं परत येतात. २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात हेच शिकवलं जातं. महाराष्ट्राने तर हे त्याच्याही आधी जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च"ने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. ३९ गावांतला तो प्रयोग १९९९ साली "लॅन्सेट"मध्ये छापून आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. घरच्या बाळंतपणात गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं हाही त्या कामाचा भाग होता. पुढे राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, असं २०१९-२१चं पाचवं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. तिथे मास्क योग्य मापाचा असावा, बॅग फाटकी नसावी आणि ती वापरणारा हात खोलीत हजर असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

गुदमरलेल्या बाळाला ७२ तास थंड ठेवायच्या उपचाराबद्दल पालक अलीकडे मोबाईलवर वाचून येतात. श्रीमंत देशांत त्याचा उपयोग झाला. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत, त्यात मुंबईचं सायनही होतं, "हेलिक्स" चाचणी झाली. २०२१ साली तिचा निष्कर्ष आला : फायदा झाला नाही, उलट थंड केलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले, ४२ टक्के विरुद्ध ३१. तेव्हा नंतरच्या यंत्रावर विसंबून चालणार नाही. आपल्याला जे वाचवायचं आहे ते लेबर रूममध्येच वाचवावं लागेल.

आता माझी मागणी. ती फार मोठी नाही, पण गैरसोयीची आहे.

तुमच्याकडे मातामृत्यू अन्वेषण होतं. बालमृत्यू अन्वेषण होतं. जिल्हाधिकाऱ्यांपुढे कागद जातात, "टाळता आला असता का" हा प्रश्न अधिकृतपणे विचारला जातो. पण बाळ जर वाचलं, २० दिवस एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, राहून, झटके येऊन, नळीने दूध पीत घरी गेलं, तर ते तुमच्या हिशेबात यशस्वी डिस्चार्ज असतं. त्याच्या मेंदूचं काय झालं हे वर्षाने मला कळतं, तुम्हाला कधीच कळत नाही. त्याचं अन्वेषण होत नाही, कारण ते मेलं नाही.

ब्रिटनमध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या त्याच रॉयल कॉलेजने "ईच बेबी काउंट्स" नावाचा उपक्रम केला. दिवस भरून प्रसूतीच्या वेळी मेलेली बाळं आणि मेंदूला गंभीर इजा होऊन वाचलेली बाळं, दोघांना एकाच यादीत घेतलं आणि प्रत्येकाचा कागद उघडला. २०१५ सालच्या बाळांचा अहवाल आला तेव्हा, ज्यांची पुरेशी माहिती मिळाली त्यांच्यातल्या चारपैकी तिघांच्या बाबतीत वेगळी काळजी घेतली असती तर वेगळं काही घडू शकलं असतं, असं आढळलं. पुढारलेल्या, पैसेवाल्या व्यवस्थेत हे आढळलं. ते त्यांनी छापलं. कुणाला तुरुंगात टाकण्यासाठी नव्हे. ठोके ऐकण्यात, निरोप पोचण्यात कुठे गळती आहे ते कळावं म्हणून.

तसं इथे करा. दिवस भरलेलं बाळ गुदमरल्यामुळे झटके येऊन एसएनसीयूत दाखल झालं की त्याची माहिती आपोआप जिल्हा समितीकडे जावी, मग ते सरकारी दवाखान्यातलं असो की खासगी. सोबत लेबर रूमचे कागद जावेत. त्या बाळाचा शेवटच्या दोन तासांतल्या ठोक्यांचा आलेख वाचला जावा. जिथे रक्तवायू तपासणीचं यंत्र आहे तिथे अशा बाळाच्या नाळेतल्या रक्ताची आम्लता तपासून लिहावी. चिमटे लावून ठेवलेला नाळेचा तुकडा तासभर चालतो. आणि समितीने सिस्टरला उभं करून झापायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच लिहा, नाहीतर पुन्हा सगळीकडे १४०, १४२, १४० येईल.

दुसरं, ते कार्ड बदला. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा अपगार, श्वास द्यावा लागला का, किती वेळ, शेवटचे ठोके किती वाजता आणि किती, पाण्याचा रंग, नाळ कशी होती, सैल की घट्ट, आधी खाली आली का. मराठीतही एक परिच्छेद असावा, आईला वाचता येईल असा. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. माझ्याकडे येणाऱ्या आयांना हे ठाऊक नसतं, आणि जिला ठाऊक असतं तिला "साहेब रजेवर आहेत" असं उत्तर मिळतं. तेव्हा मागायची वेळच येऊ देऊ नका, घरी जाताना हातात द्या.

तिसरं, कारण माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. सेरेब्रल पाल्सीची सगळी मुलं प्रसूतीत गुदमरलेली नसतात. १८६१ साली लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी या आजाराचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. सिग्मंड फ्रॉइड, हो तेच, आधी मेंदूविकारतज्ज्ञ होते, १८९७ साली म्हणाले की पुष्कळदा अवघड बाळंतपण हेच आधीच्या बिघाडाचं लक्षण असतं. आज श्रीमंत देशांतले आकडे सांगतात की साधारण दहात एकाच मुलाचा संबंध प्रसूतीतल्या प्राणवायूच्या तुटवड्याशी लागतो. आपल्याकडे हे प्रमाण जास्त असावं असं मला माझ्या कामावरून वाटतं. पण कमी दिवस, कमी वजन, गर्भातला संसर्ग, वाढलेली कावीळ, घसरलेली साखर, ही कारणंही मी रोज बघते. कावीळ वेळेत न उतरवल्यामुळे अंग पिळवटणारं मूल आणि नाळ खाली आल्यामुळे पिळवटणारं मूल, दोघांच्या कार्डावर "नाळ गळ्याला" असेल तर आपण कावीळही रोखणार नाही आणि नाळही नाही.

आणखी एक, हे माझ्या स्वार्थाचं. जन्मल्यावर श्वास द्यावा लागलेलं प्रत्येक बाळ तीन महिन्यांच्या आत डीईआयसीत, म्हणजे मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्रात, तपासायला पाठवा. तारीख कार्डावर छापा, आशाताईंना कळवा. सहा महिन्यांच्या आत बरंच काही ओळखता येतं. आमच्याकडे मूल येतं दीड-दोन वर्षांनी, कारण "याचा काकाही उशिरा चालला होता" म्हणून सगळे थांबलेले असतात. तोवर सांधे आखडायला लागलेले असतात आणि मेंदूचा सगळ्यात शिकाऊ काळ हातचा गेलेला असतो.

जिल्हा गुणवत्ता समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. पालकांची संमती घेऊन, नावं झाकून, माझ्याकडच्या कार्डांच्या प्रती मी घेऊन येईन; दोन-तीन आयाही यायला तयार आहेत, त्यांना बोलू द्यावं. बुधवारी माझी तालुक्याची ओपीडी असते. तो वार सोडून कुठलीही तारीख कळवा.

कळावे,
आपली,
एक फिजिओथेरपिस्ट